टर्बो उतरवण्याआधी नळ्या बदला, आणि नळ्यांच्याही आधी ब्रेक तपासा

वाईहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

"माझ्याकडे वडिलांची २००८ सालची स्कोडा लॉरा आहे, १.९ टीडीआय. पुन्हा पासिंग करून घेतलं आहे, गाडी जिवापाड जपली आहे. मी पाचगणीला शाळेत शिकवते, त्यामुळे रोज पसरणी घाट चढते-उतरते. दिवाळीआधी गाडीची सर्व्हिसिंग केली, इंजिनही धुऊन घेतलं. त्यानंतर महिन्याभरात चढावर पिकअप जायला लागला. तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की गाडी एकदम मरगळते, डॅशवर स्प्रिंगसारखी पिवळी खूण लुकलुकते. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की पुन्हा ठीक. गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला, नवा घाला. आकडा ऐकून मी गप्पच झाले. धाकटा भाऊ म्हणतो, फक्त व्हॅक्यूमचे पाइप सडले असतील, रविवारी घरीच बदलू. त्याने लाल सिलिकॉनच्या पाइपचं भेंडोळंही मागवलं आहे. कोणाचं ऐकू? जाता जाता: सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिले काही सेकंद ब्रेक फार कडक लागतो, मग मऊ होतो. त्याचा याच्याशी काही संबंध नसावा."

नमस्कार ताई,

संबंध आहे, आणि दाट आहे. टर्बोबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि ब्रेकबद्दल शेवटी एक ओळ, पण मला उत्तर त्या ओळीपासूनच सुरू करायचं आहे. टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारं चक्र. तुमच्या गाडीत ब्रेकचा बूस्टर (पेडलला जोर देणारी डबी) आणि टर्बोचा ॲक्च्युएटर (त्याचा दाब कमी-जास्त करणारी डबी) एकाच व्हॅक्यूम पंपावर, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या पंपावर, चालतात. दोघांच्या तक्रारी एकाच सुमाराला सुरू झाल्या असतील, तर आधी दोघांना पुरवठा करणाऱ्या वाटेवर संशय घ्यायचा. निव्वळ टर्बो बिघडला म्हणून सकाळचा ब्रेक कडक होत नाही.

म्हणून पहिली विनंती. खाली सांगतो ती ब्रेकची तपासणी होईपर्यंत ही गाडी पसरणी घाटात नेऊ नका, विशेषतः उतरताना. वाई-पाचगणी एसटी आहे, काही दिवस तिने जा. पिकअप गेला तर तुम्ही रस्त्याच्या कडेला थांबाल. ब्रेकची मदत उतारावर गेली तर पेडलवर दोन्ही पाय देऊनही गाडी हवी तिथे थांबेल याची खात्री नाही.

तपासणी अशी. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबा, ते घट्ट होईल. आता पाय पेडलवर तसाच दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल लगेच थोडं खाली गेलं पाहिजे, कारण पंपाने बूस्टरमधली हवा ओढून घेतली. ते खाली जायला वेळ लागत असेल, तर एकतर पंप थकला आहे किंवा कुठून तरी हवा आत शिरते आहे. नंतर इंजिन काही मिनिटं चालवून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पेडल दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच दाब कडक लागला, तर बूस्टर, त्याच्या जाड पाइपमधला एकेरी व्हॉल्व्ह किंवा तो पाइप स्वतः गळतो आहे. असं असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी तेवढंच काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या. बूस्टरच्या जाड पाइपला घरी हात लावायचा नाही आणि तो मीटरवर विकत घेऊन बसवायचा नाही. कंपनीचा तयार पाइप व्हॉल्व्हसकट घालायचा. भावालाही हे माझ्या नावाने सांगा.

आता टर्बोकडे येऊ.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखं हवेचं तोंड आवळून वेग कमी करायचा नसतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ तयारच होत नाही. म्हणून वेगळा पंप लावलेला असतो. तुमच्या १.९ टीडीआय इंजिनात तो हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) टोकाला बसतो आणि त्याच एका घरात डिझेलचा पंपही असतो. तिथून जाड पाइप ब्रेक बूस्टरकडे जातो आणि त्याला फुटलेल्या बारीक फांद्या इतर कामांना जातात. त्यातली आपल्या कामाची फांदी एका सोलेनॉइड (विजेवर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या) व्हॉल्व्हकडे जाते. स्कोडा-फोक्सवॅगनची कामं करणारे त्याला एन-७५ म्हणतात. इंजिनचा कॉम्प्युटर या व्हॉल्व्हला सतत सांगत असतो की टर्बोला व्हॅक्यूम किती द्यायचा. व्हॉल्व्हपासून टर्बोच्या डबीपर्यंत, म्हणजे ॲक्च्युएटरपर्यंत, आणखी एक बारीक नळी जाते. डबीतला पडदा ओढला गेला की दांडा सरकतो आणि टर्बोच्या आतले छोटे पंख मिटतात. पंख मिटले की एक्झॉस्टचा झोत जोराने चक्रावर पडतो आणि कमी आरपीएमलाही हवेचा दाब मिळतो. व्हॅक्यूम नसला की पंख उघडे राहतात, दाब मिळत नाही आणि गाडी चढावर ओढत नाही.

त्या वाटेवर कुठेही सुईएवढी चीर पडली की कॉम्प्युटर मागतो तेवढा दाब येत नाही. थोडा वेळ तो वाट पाहतो, मग चूक नोंदवतो, डिझेल आणि दाब दोन्ही कमी करतो आणि ती स्प्रिंगची खूण लुकलुकवतो. यालाच लिंप मोड म्हणतात. बंद करून चालू केली की कॉम्प्युटर पुन्हा नव्याने प्रयत्न करतो, म्हणून गाडी ठीक वाटते, पुढचा चढ येईपर्यंत. तुम्ही बाजूला थांबून हे करता ते योग्यच आहे. चालत्या गाडीत किल्ली बंद-चालू करायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. त्या क्षणी स्टिअरिंगची मदत जाते, इंजिन थांबल्याने व्हॅक्यूमही थांबतो, आणि तुम्ही घाटात असता.

टर्बो खरंच गेला की त्याची लक्षणं वेगळी असतात. शाफ्ट (टर्बोचं चक्र ज्यावर फिरतं तो आस) झिजला तर तेल जळतं, मागून निळा धूर येतो, इंजिन ऑइल वारंवार भरावं लागतं, नेहमीची शिट्टी जाऊन धातू घासल्यासारखा किंचाळा येतो. यातलं काहीही तुमच्या पत्रात नाही. 'बंद करून चालू केली की ठीक' हे वाक्य मात्र आहे, आणि झिजलेला शाफ्ट किल्ली फिरवून बरा होत नाही. त्यामुळे नळ्या, सोलेनॉइड आणि ॲक्च्युएटर न तपासता टर्बोचं इस्टिमेट देणाऱ्या गॅरेजला होकार देऊ नका. त्यांना दोनच प्रश्न विचारा: स्कॅनरवर कोणता कोड आला आणि व्हॅक्यूम किती मोजला? कोड पी ०२९९ असेल तर दाब कमी पडतोय. पी ०२३४ असेल तर दाब जास्त होतोय, आणि मग संशय नळ्यांपेक्षा काजळीने अडकणाऱ्या पंखांवर जातो. काही स्कॅनर फोक्सवॅगनचे स्वतःचे आकडे दाखवतात: १७९६४ म्हणजे दाब कमी, १७९६५ म्हणजे जास्त. कोड न वाचता, व्हॅक्यूम न मोजता टर्बोवर बोट ठेवणं हा अंदाज झाला, आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरणार आहात.

भावाचा अंदाज मला बरोबर वाटतो, आणि त्यामागे तुमच्याच पत्रातलं आणखी एक कारण आहे: इंजिन धुणं. आपल्याकडे अनेक ठिकाणी इंजिनवर डिझेल किंवा रॉकेलचा फवारा मारून तेलकट मळ काढतात आणि मग जोराच्या पाण्याने धुतात. इंजिन चकाकतं. पण जुन्या व्हॅक्यूम नळ्या बऱ्याचदा अशा रबराच्या असतात जे उष्णता आणि हवा सोसतं, डिझेल नाही. डिझेल मुरलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि निपलवरची (नळी ज्या तोंडावर चढवतात त्यावरची) पकड सोडतं. पंधरा-सोळा वर्षांची नळी टोकाशी आधीच कडक होऊन तडकलेली असते, तिला एवढं निमित्त पुरतं. तुमच्या गाडीवर नेमका कशाचा फवारा मारला ते मला माहीत नाही, पण पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला देताना 'इंजिन वॉश नको' असं जॉबकार्डवर लिहूनच घ्या. ओल्या फडक्याने आणि ब्रशने पुसलेलं इंजिन पुरेसं स्वच्छ असतं.

दुसरा संशयित उंदीर. वाईच्या आसपास शेती आहे, आणि पिकं निघाली की उंदीर गरम बॉनेटखाली आसरा शोधतात. नळी कुरतडलेली असेल तर दातांच्या बारीक रेघा स्पष्ट दिसतात, सोबत वायरिंगचं आवरणही खाल्लेलं असतं. तसं दिसलं तर नळ्यांसोबत वायरिंगही नीट पाहून घ्या.

आता लाल भेंडोळ्याचं. सगळंच सिलिकॉन वाईट नसतं. ते उष्णता उत्तम सोसतं. पण दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक म्हणजे भिंतीची जाडी. शहाळ्यातली कागदी नळी ओली होऊन मऊ पडली की जोराने ओढल्यावर चपटी होते आणि पाणी वर येतच नाही. पातळ सिलिकॉन व्हॅक्यूमखाली, त्यातही इंजिन तापल्यावर, तसंच वागतं. बाहेरून नळी शाबूत दिसते आणि आतली वाट बंद असते. हा दोष शोधायला फार त्रास देतो, कारण थंड गाडीवर सगळं बरोबर असतं. दुसरी गोष्ट तेल. पंपातून येणाऱ्या हवेत इंजिन ऑइलचा अंश असतो आणि साधं सिलिकॉन तेलात फुगतं. म्हणून पंपाजवळच्या भागात ते नकोच.

मागवलेली नळी बोटांत धरून चिमटून पाहा. भिंत आतल्या पोकळीच्या निम्म्याहून कमी जाडीची असेल, तर ती या गाडीत वापरू नका. त्याऐवजी कापडी विणीचं आवरण असलेली व्हॅक्यूम होज घ्या, जर्मन गाड्यांत मुळात असते तशी. पुण्यात नाना पेठेत किंवा स्कोडा-फोक्सवॅगनचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानात मीटरवर मिळते, आणि लागणाऱ्या तीन-चार मीटरचा खर्च टर्बोच्या शेजारी ठेवण्याइतकाही नाही. आतला व्यास साधारण ३ ते ३.५ मिलिमीटर लागतो, पण आकडा तोंडी सांगून घेऊ नका. जुन्या नळीचा मधला, न ताणलेला तुकडा कापून सोबत न्या आणि नवी त्याच्याशी जुळवा. टोकाचा तुकडा नेऊ नका, तो निपलवर वर्षानुवर्षं ताणून मोठा झालेला असतो. मत्स्यालयाची प्लॅस्टिक नळी, सलाइनची नळी, वायपरच्या पाण्याची नळी यांतलं काहीही चालणार नाही. रस्त्यात अडकल्यावर घरापर्यंत पोहोचायला कोणी तात्पुरतं लावलं असेल, तर घरी आल्यावर ते काढा.

नळ्या विकत घेण्याआधी एक छोटं साधन उसनं मिळवा: हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप, त्यावर काट्याचं मीटर असतं. बरेच एसी मेकॅनिक आणि गॅरेजवाले हा पंप ठेवतात. व्हॅक्यूमची गळती साबणाच्या पाण्याने सापडत नाही. साबणाचे बुडबुडे येतात ते आतून बाहेर हवा येते तिथे. इथे ती बाहेरून आत जाते. फुसफुस ऐकायला डिझेल इंजिनचा आवाज फार मोठा असतो. आणि गळती शोधायला कार्ब क्लीनर किंवा स्टार्टिंग स्प्रे मारण्याची पद्धत तापलेल्या टर्बोजवळ आग लावणारी आहे, ती वापरूच नका.

आधी पंपाचा पुरवठा मोजा. एन-७५ ला येणारी नळी काढून मीटरला लावा आणि इंजिन सुरू करा. इथे तुमच्या गावाची उंची लक्षात घ्यायची. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याएवढा असतो. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, तिथे तो ७०० च्या आसपास. पाचगणीत साधारण १,३०० मीटरवर ६५० च्या आसपास. जेवढा दाबच नाही तेवढा व्हॅक्यूम कोणताही पंप देऊ शकत नाही. मुंबईत मोजलेला आकडा वाचून कोणी तुमच्या वाईच्या मीटरला कमी ठरवलं, तर पंपावर विनाकारण खर्च होईल. वाईत काटा थोड्या वेळात ६०० च्या पुढे जाऊन स्थिर राहिला, तर पंप ठणठणीत समजा. मीटर इंचांत असेल तर २४ च्या आसपास.

काटा हळू चढत असेल किंवा मध्येच अडकत असेल तर गळती पंपाच्या बाजूला आहे, आणि तुमच्या सकाळच्या ब्रेकमुळे माझा कल इकडेच आहे. मग बारीक फांद्या जिथे जाड पाइपला मिळतात तिथली एकेक फांदी काढून ते निपल हातपंपासोबत येणाऱ्या टोपणाने बंद करा आणि काटा पाहा. जिच्यामुळे काटा झटकन वर गेला ती फांदी दोषी. सगळ्या फांद्या बंद करूनही काटा खालीच राहिला, तर पंप, जाड पाइप किंवा बूस्टर यांचा नंबर. तिथे घरचं काम संपलं, गाडी मेकॅनिककडे द्या.

त्यानंतर ॲक्च्युएटर. लॉरात टर्बो इंजिनच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला आहे, वरून नीट दिसत नाही. भावाने मोबाइलचा कॅमेरा आत धरून व्हिडिओ काढावा, तुम्ही हातपंप चालवा. थंड इंजिनवर डबीला येणारी नळी काढून तिथे पंप जोडा. दांडा हळूहळू, न अडखळता सरकला पाहिजे. पूर्ण ओढला जायला मीटरवर साधारण ४५० मिलिमीटर पाऱ्याएवढा व्हॅक्यूम लागतो. ओढून धरला की मिनिटभर काटा हलता कामा नये. काटा घसरला तर डबीतला पडदा फाटला आहे, आणि पुष्कळ टर्बोंवर ॲक्च्युएटर वेगळा बदलता येतो, सगळा टर्बो नाही. दांडा मधेच अडला किंवा झटक्याने सुटला तर पंखांवर काजळी बसली आहे. तो स्वच्छतेचा प्रश्न आहे, तेही नव्या टर्बोपेक्षा कमी खर्चात होतं. दांडा गुळगुळीत सरकला आणि काटा तसाच राहिला, तर तुमचा टर्बो निदान या आरोपातून सुटला.

आता प्रत्यक्ष बदलणं. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे गाडी रात्रभर उभी. बॉनेटच्या आतल्या बाजूला व्हॅक्यूमचा नकाशा चिकटवलेला असला तर फोटो काढा, नसला तर प्रत्येक नळीचे दोन्ही टोकांचे फोटो काढा. नियम एकच आणि तो मोडायचा नाही: एका वेळी एक नळी. जुनी काढली, तिची लांबी मोजली, नवी कापली, बसवली, मग दुसरी. सगळ्या काढून बाजूला ढीग घालणाऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी टो करून न्यावी लागते, आणि याला कारण एन-७५ आहे. त्याला तीन तोंडं आहेत: एकीत पंपाकडून व्हॅक्यूम येतो, एकीतून तो टर्बोकडे जातो, तिसरी स्वच्छ हवा घ्यायला असते. बहुतेक व्हॉल्व्हवर प्लॅस्टिकमध्येच खुणा उमटवलेल्या असतात, मळ पुसून वाचा. पहिल्या दोन नळ्या उलटसुलट झाल्या तर गाडी आत्ता आहे त्याहून वाईट चालेल आणि टर्बोवरच दोष येईल.

जुनी नळी जोराने ओढू नका. सोळा वर्षं तापलेल्या प्लॅस्टिकच्या निपल ठिसूळ झालेल्या असतात आणि नळीसोबत मोडून हातात येतात. नळीच्या टोकाला ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्या, फिरवून सोलून काढा. चीर देताना निपलवर ओरखडा पडू देऊ नका, त्या रेघेतूनही हवा जाते. नवी नळी ब्लेडने सरळ कापा. कात्रीने तोंड चेपून तिरपं होतं. बसवताना ग्रीस, तेल किंवा डिझेल लावायचं नाही. पाण्याचा एक थेंब पुरे. बारीक नळीला क्लिपची गरज सहसा पडत नाही. क्लिपशिवाय नीट बसत नसेल तर व्यास चुकला आहे.

टर्बोकडे जाणाऱ्या नळीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त ताप तिलाच सोसावा लागतो. तिची लांबी जुनीपेक्षा बोटभर जास्त ठेवा, इंजिन जागेवर हलतं तेव्हा ताण येऊ नये म्हणून. पण लोंबू देऊ नका, एक्झॉस्टला टेकली की तिथेच भोक पडेल. मूळ वाटेवरच्या धारकांमधून, त्याच क्रमाने न्या. धारक तुटले असतील तर उष्णता सोसणारं आवरण घालून बांधा. घट्ट आवळलेली टाय नळी चेपते, म्हणून टाय सैलसर. तीव्र वळणावर नळी मुडपत असेल तर तिथे मुडप न पडणारा प्लॅस्टिकचा कोन वापरा.

वाटेत छोटे एकेरी व्हॉल्व्ह असतात, दोन रंगांचे. काढण्याआधी त्यांवर मार्करने बाण काढा. फुंकून पाहा, एका बाजूने हवा गेली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. दोन्हीकडून जात असेल तर बदला. प्लॅस्टिकचे टी-जोडही बदलून टाका, ते स्वस्त असतात आणि त्यांची भेग डोळ्यांना दिसत नाही. व्हॅक्यूम साठवायची काळी डबी असली तर तिलाही हातपंप लावून काटा टिकतो का बघा. एन-७५ चं स्वच्छ हवेचं तोंड एअर फिल्टरकडून हवा घेत असेल तर ती नळी परत तिथेच जोडा. उघडी राहिली तर आपल्या रस्त्यांवरची धूळ व्हॉल्व्हच्या आत जाऊन बसते आणि तो अडकू लागतो.

सगळं जोडल्यावर जागेवरच इंजिन सुरू करा. भावाने कॅमेऱ्यातून दांडा पाहावा: सुरू होताच तो ओढला गेला पाहिजे. मग वरची ब्रेकची तपासणी पहिल्यापासून पुन्हा करा. ती पास झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका. नंतर स्कॅनरने जुना कोड पुसून घ्या आणि आधी वाई परिसरातल्या सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवा. घाट दुसऱ्या दिवशी, भाऊ शेजारी बसलेला असताना, थांबायला जागा असलेल्या चढावर. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून पूर्ण जोर देऊन पाहा.

पिकअप टिकला तर प्रश्न मिटला. पुन्हा लिंप मोड आला तर खर्चाच्या चढत्या क्रमाने जा: इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) जाड पाइपांचे जोड (तिथे ताजं ओलसर तेल दिसलं तर हवा तिथून सुटतेय), मग एन-७५, मग हवा मोजणारा सेन्सर, मग पंखांची काजळी. टर्बो या यादीत सगळ्यात शेवटी येतो, आणि तो उतरवायचाच ठरला तर शाफ्टची झीज स्वतः डोळ्यांनी पाहिल्यावरच.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण वरचं सगळं प्रत्येक गाडीला लागू नाही. १.३ लिटर डिझेलच्या ७५ पीएस प्रकारात टर्बोचे पंख हलत नाहीत. तिथे ॲक्च्युएटर टर्बोच्याच हवेच्या दाबावर चालतो, व्हॅक्यूमवर नाही. तिथली बारीक नळी सुटली तर परिणाम उलटा होतो: जादा दाब सोडणारं दार उघडत नाही आणि दाब हवा त्याहून वर जातो. टर्बो पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डच्या नळ्यांमध्ये संथ चालताना व्हॅक्यूम असतो आणि जोर दिल्यावर दाब, म्हणजे त्याच नळीला दोन्ही सोसावं लागतं. तिथे चिमटणारी नळी नको तशीच निसटणारीही नको, क्लिप लावावीच लागते. रेस आपोआप वर-खाली होणं ही तिथल्या गळतीची पहिली खूण.

ताई, गाडी वडिलांची आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हेही सांगतो. १.९ टीडीआय हे दमदार इंजिन आहे आणि एवढ्या वयाला रबर बदलावं लागणं हा त्याचा कमीपणा नाही. फक्त एकच फाटलेली नळी बदलून थांबू नका. सगळ्या एकाच वयाच्या आहेत, आज एक गेली म्हणजे बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत. भाऊ बॉनेट उघडून बसलाच आहे तर टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंदही शोधायला सांगा. नोंद सापडली नाही तर तो बदललेला नाही असं धरून चाला, कारण या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

मीटरचे तीन आकडे मला लिहून पाठवा: पंपाचा पुरवठा, दांडा पूर्ण ओढला गेला तेव्हाचा आकडा, आणि मिनिटभर धरून ठेवल्यानंतरचा. सोबत स्कॅनरचा कोड. गॅरेजवाले तरीही टर्बोवरच अडून राहिले, तर तेच आकडे त्यांच्यापुढे ठेवा आणि जुना टर्बो उतरवला तर तो तुमच्या ताब्यात द्यायचा असं आधीच लिहून घ्या.